शिकलेल्या हाताचं पुन्हा शिकणं

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेला आज साधारण पंधरा-वीस मिनिटं लागतात. थेंब टाकून डोळा बधिर केला जातो, बुबुळाच्या कडेला तीन मिलिमीटरहून लहान छेद घेतला जातो, गढुळलेलं भिंग आतल्या आत फोडून शोषून घेतलं जातं, घडी घातलेलं कृत्रिम भिंग त्याच छेदातून आत सोडलं जातं आणि माणूस संध्याकाळच्या आत घरी पोचतो. एकही टाका पडत नाही. दोन-तीन पिढ्यांपूर्वी हीच शस्त्रक्रिया झालेला माणूस डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून, डोळे बांधून, कित्येक दिवस उताणा पडून राहायचा. खोकायचं नाही, शिंकायचं नाही, मान हलवायची नाही. एवढं सोसून घरी जाताना हाती यायचा तो जाड भिंगाचा चष्मा. तो फुटला किंवा हरवला की पुन्हा सगळं अंधुक.

या दोन चित्रांच्या मधला इतिहास बहुतेक वेळा यंत्रांचा आणि शोधांचा म्हणून सांगितला जातो. अमुक साली हे भिंग आलं, तमुक साली ते यंत्र आलं. या पुस्तकाचा विषय त्याहून थोडा वेगळा आहे. शोध लागला म्हणजे शस्त्रक्रिया बदलली असं होत नाही. ती बदलते टेबलाशी बसलेल्या सर्जनचा हात बदलतो तेव्हा. आणि दहा-दहा हजार डोळ्यांवर बसलेला हात सहजासहजी बदलत नाही, बदलूही नये. जुनी पद्धत सरावलेल्या हातात असेल आणि नवी कच्च्या हातात, तर त्या दिवशी त्या रुग्णासाठी जुनीच चांगली. तरीही सगळेच जुन्याला धरून बसले तर पुढच्या हजारो रुग्णांचं नुकसान होतं. निष्णात सर्जन नवी पद्धत हाती घेतो तेव्हा तो काही काळ पुन्हा नवशिका होतो आणि त्या नवशिकेपणाचा भार समोर झोपलेला माणूस उचलतो. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेतला जवळपास प्रत्येक मोठा बदल याच हिशोबापाशी अडला आणि हा हिशोब थोडा सोपा झाला तेव्हाच पुढे सरकला, असं माझं मत आहे.

सुरुवात सुईपासून. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात शलाकेने डोळ्यातला मोतीबिंदू दूर करण्याची रीत सांगितली आहे. अशीच रीत पुढे अरब जगात, चीनमध्ये आणि युरोपात शतकानुशतकं चालली. गढूळ भिंग बाहेर काढायचं नाही, टोकदार सुईने ते बाहुलीच्या मागून खाली, डोळ्याच्या पोटात ढकलून द्यायचं. प्रकाशाची वाट मोकळी होते, माणसाला तिथल्या तिथे बोटं दिसू लागतात. विसाव्या शतकातही आपल्या देशात गावोगाव फिरून हे करणारे वैद्य होते. परिणाम वाईट होत असतानाही ही रीत इतकी का टिकली, याचं उत्तर मला महत्त्वाचं वाटतं. यश त्याच क्षणी दिसायचं. डोळा लाल होणं, दाब वाढणं, पू होणं, दृष्टी कायमची जाणं हे सगळं पुढच्या दिवसांत आणि महिन्यांत घडायचं, आणि तोवर वैद्य पुढच्या गावी गेलेला असायचा. संगीतकार बाख यांच्या डोळ्यांवर १७५० साली लाइपझिगमध्ये जॉन टेलर या फिरत्या इंग्रज वैद्याने सुई चालवली. त्याच वर्षी जुलैमध्ये बाख वारले. टेलर तेव्हा केव्हाच पुढच्या मुक्कामाला गेलेला होता. ज्याला आपल्या हातून झालेलं नुकसान कधी दिसतच नाही, त्याने हात का बदलावा?

फ्रान्समध्ये झाक दाव्हिएलने १७४७ मध्ये बुबुळाखाली छेद घेऊन भिंगच बाहेर काढलं आणि पुढच्या काही वर्षांत अशा शस्त्रक्रियांचा हिशोब पॅरिसच्या अकादमीपुढे ठेवला. तरीही सुई मागे पडायला शंभर वर्षं लागली. लंडनचे पर्सिव्हल पॉट हे त्या काळातले फार मोठे सर्जन, पण ते सुईच्याच बाजूचे होते. त्यांना हट्टी म्हणणं सोपं आहे. पण त्या काळाचा विचार करा. भूल नाही, जंतूंची कल्पना नाही, टाके घालण्याची सोय नाही. शुद्धीवर असलेल्या, घाबरलेल्या माणसाचा डोळा अर्ध्या वर्तुळाएवढा कापायचा. त्याने डोळा घट्ट मिटला तर आतला ऐवज बाहेर. अशा वेळी दाव्हिएलच्या हाताला जे साधलं ते दुसऱ्याच्या हाताला साधेलच असं नव्हतं.

याउलट १८८४ साली व्हिएन्नाच्या कार्ल कोलरने कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर होतो हे दाखवलं, तेव्हा काही महिन्यांत जगभरचे नेत्रसर्जन ते थेंब वापरू लागले. या दोन बदलांमधला फरक हाताचा आहे. दाव्हिएल सर्जनला जुनं विसरायला सांगत होता. कोलर सांगत होता की तुम्ही जे करता तेच करा, फक्त आधी हे दोन थेंब टाका.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या विषयाचं एक केंद्र पंजाबात होतं, हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नाही. जालंधरला असलेले इंडियन मेडिकल सर्व्हिसचे हेन्री स्मिथ भिंग त्याच्या भोवतीच्या पातळ पिशवीसकट, बाहेरून दाब देऊन, अखंड काढत. पिशवी मागे राहिली की काही महिन्यांनी ती गढूळ होते आणि पुन्हा अंधुक दिसू लागतं, म्हणून पिशवीसकट काढणं श्रेष्ठ, असा हा विचार. त्यांनी हजारोंच्या संख्येने अशा शस्त्रक्रिया केल्या आणि अमेरिकेतून डॉक्टर त्यांच्याकडे शिकायला येत. पुढे दाबाच्या जागी चिमटा आला, शोषनळी आली, १९६१ मध्ये पोलंडच्या क्रवाविच यांनी गोठवणारी सळई आणली. तिच्या थंड टोकाला भिंग चिकटायचं आणि अलगद बाहेर यायचं. पन्नास-साठ वर्षं जगभरच्या सर्जनांचं कौशल्य याच एका गोष्टीवर मोजलं गेलं: पिशवी न फाटता भिंग बाहेर आलं की नाही. पिशवी फाटली तर नाचक्की.

आणि मग एके दिवशी त्यांना सांगण्यात आलं की पिशवी आतच ठेवायची आहे, जिवापाड जपायची आहे, कारण नवं भिंग तिच्याच आधाराने बसणार आहे.

हे ज्यांच्यामुळे झालं ते हॅरॉल्ड रिडली. दुसऱ्या महायुद्धात काही ब्रिटिश वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या छताच्या प्लास्टिकचे, म्हणजे पर्स्पेक्सचे, तुकडे घुसले. धातू असता तर डोळा पेटून उठला असता. हे तुकडे वर्षानुवर्षं आत राहिले तरी डोळा शांत होता. रिडलींनी असे डोळे तपासले होते. पुढे सेंट थॉमस रुग्णालयात त्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पाहणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारलं की काढलेल्या भिंगाच्या जागी दुसरं भिंग का बसवत नाही. २९ नोव्हेंबर १९४९ रोजी त्यांनी लंडनमध्ये एका स्त्रीच्या डोळ्यात रेनर कंपनीने घडवलेलं पर्स्पेक्सचं भिंग बसवायला घेतलं. हे काम त्यांनी गुपचूप केलं आणि १९५१ मध्ये ऑक्सफर्डच्या परिषदेत जाहीर केलं.

त्यानंतरची पंचवीस-तीस वर्षं रिडलींसाठी फार कठीण गेली. त्या वेळच्या ब्रिटिश नेत्रवैद्यकातला सर्वात मोठा शब्द सर स्ट्यूअर्ट ड्यूक-एल्डर यांचा होता, आणि ते विरोधात होते. डोळ्यातून परकी वस्तू काढायला आपण शिकलो, आत घालायला नव्हे, अशी सर्वसाधारण भूमिका होती. विरोध निव्वळ मत्सराचा नव्हता. पहिल्या रुग्णाच्या भिंगाची शक्ती फारच जास्त निघाली आणि शस्त्रक्रियेनंतर तिला जाड ऋण नंबर लागला. ते भिंग जड होतं, कधी जागेवरून निसटायचं. काही डोळ्यांत सूज यायची, काहींत काचबिंदू व्हायचा. त्यानंतर इतरांनी बाहुलीच्या पुढे बसवायची भिंगं काढली. त्यांतल्या काहींनी बुबुळाचं कायमचं नुकसान केलं आणि ती काढावी लागली. ज्या सर्जनांनी या काळात भिंग बसवायला नकार दिला, त्यांनी आपल्या रुग्णांचे डोळे वाचवले असं म्हणायला जागा आहे. आणि ज्यांनी नेटाने बसवत राहून, चुका मोजत, भिंगं सुधारत नेली, त्यांच्यामुळे आपले आईवडील आज जाड चष्म्याशिवाय वाचतात. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. रिडलींना २००० साली 'सर' किताब मिळाला, मृत्यूच्या एक वर्ष आधी. त्यापूर्वी त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांतही कृत्रिम भिंगं बसवली गेली होती.

दुसरं मोठं वळण चार्ल्स केलमन यांचं. न्यूयॉर्कचा हा तरुण नेत्रसर्जन दंतवैद्याच्या खुर्चीत बसला असताना दातांवरचं किटण काढणाऱ्या अल्ट्रासाउंडच्या टोकाकडे त्याचं लक्ष गेलं. दात जागेवर राहतो आणि किटण तेवढं निघतं, तर भिंगही असंच आतल्या आत का फोडू नये? १९६७ मध्ये त्याने पहिल्या माणसावर प्रयोग केला, तोही काढूनच टाकायचा होता अशा डोळ्यावर. आज आपण ज्याला 'फेको' म्हणतो ती पद्धत ही. पण ती सर्वमान्य व्हायला वीस-पंचवीस वर्षं गेली. त्याचं एक कारण यंत्राशी संबंधित नाहीच. छेद तीन मिलिमीटरचा घेतला तरी भिंग कडक आणि सहा मिलिमीटर रुंद होतं, म्हणजे शेवटी छेद वाढवायचाच. मग एवढा खटाटोप कशाला, असं अनुभवी सर्जन विचारायचे आणि त्यांचं म्हणणं रास्त होतं. १९८४ मध्ये अमेरिकेच्या थॉमस माझॉको यांनी घडी घालता येणारं सिलिकोनचं भिंग आणलं तेव्हा लहान छेदाला खरा अर्थ आला. जवळजवळ त्याच काळात कॅनडाचे हॉवर्ड गिंबेल आणि जर्मनीचे थॉमस नॉयहान यांनी स्वतंत्रपणे पिशवीच्या वरच्या बाजूला गोल, अखंड कडेचं तोंड फाडण्याची युक्ती शोधली. पूर्वी तिथे टपाल तिकिटाच्या कडेसारखी टोचे मारून फाडलेली दातेरी कड असायची आणि कुठल्याही दात्यापासून चीर मागे धावायची. गोल कड ताण सोसते. त्याआधी काही वर्षं आलेलं दाट, पारदर्शक जेल डोळ्याच्या आत जागा मोकळी ठेवू लागलं होतं आणि बुबुळाच्या आतल्या नाजूक पेशींना जपत होतं. या तीन-चार गोष्टी एकत्र आल्या तेव्हा कुठे साधारण हाताच्या सर्जनलाही फेको सुरक्षितपणे जमेल अशी स्थिती झाली.

"साधारण हात" हा शब्द मी आदराने वापरतो आहे. मोठ्या शोधांच्या कथा असामान्य हातांच्या असतात. पण देशाची दृष्टी जिल्हा रुग्णालयातल्या साधारण हातांवर अवलंबून असते.

मधल्या वयात पद्धत बदलणाऱ्या सर्जनची अवस्था समजून घ्यायला हवी. त्याला रुग्ण येतात ते त्याच्या नावावर. त्याच्या टाक्यांचं परिषदेत कौतुक झालेलं असतं. आता त्याला पायाने पेडल दाबायचं, एका हाताने हँडपीस धरायचा, दुसऱ्या हातातल्या छोट्या आकड्याने भिंगाचा तुकडा फिरवायचा आणि डोळा सूक्ष्मदर्शकात. चार अवयव, चार कामं. पेडल एका क्षणाला जास्त दाबलं गेलं, की पिशवीला भोक पडतं आणि भिंगाचा तुकडा मागे पडद्यापर्यंत बुडतो. दहा वर्षं असं न झालेल्या माणसाच्या हातून पहिल्या काही महिन्यांत ते होतं. काही जण तिथेच थांबले. काहींनी मऊ मोतीबिंदू निवडून सुरुवात केली, गरज पडताच छेद वाढवून जुन्या पद्धतीवर परतण्याची तयारी ठेवली आणि हळूहळू हात बसवला. परिषदांमधल्या 'लाइव्ह सर्जरी'ने आणि एकमेकांत फिरणाऱ्या व्हिडिओ कॅसेटींनी यात फार मोठं काम केलं. हात पुस्तकातून शिकत नाही, दुसरा हात पाहून शिकतो.

आता आपल्या देशाकडे. स्वातंत्र्यानंतरची काही दशकं नेत्रशिबिरांची होती. तेव्हाच्या विजापूर जिल्ह्यातल्या बिळगीचे डॉ. एम. सी. मोदी गावोगाव शिबिरं घेत आणि एका दिवसात ८३३ मोतीबिंदू काढल्याची त्यांची नोंद गिनीजच्या पुस्तकात गेली. शाळेच्या वर्गात किंवा धर्मशाळेत टेबलं मांडली जात. ज्यांच्यापर्यंत कोणीच पोचत नव्हतं त्यांच्यापर्यंत ही माणसं पोचली, हे विसरता कामा नये. पण त्या काळच्या शिबिरांच्या अहवालांत किती शस्त्रक्रिया झाल्या हा आकडा ठळक असायचा. वर्षाने किती जणांना दिसत होतं, हा क्वचित. १९८६ मध्ये उत्तर प्रदेशातल्या खुर्जा इथल्या शिबिरात जंतुसंसर्गाने अनेकांचे डोळे गेले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९८९ मध्ये त्यावर निकाल आला. तात्पुरत्या जागेत शस्त्रक्रिया करण्याची प्रथा पुढे हळूहळू बंद झाली. तपासणी गावात आणि शस्त्रक्रिया रुग्णालयात, ही आजची रीत अशा अनुभवांतून आली आहे.

शिबिरात बहुतेक पिशवीसकटच भिंग काढलं जाई आणि रुग्णाला जाड चष्मा मिळे. त्या चष्म्यातून जग पाव पटीने तरी मोठं दिसतं, कडेचं दिसत नाही, पायरी कुठे आहे याचा अंदाज चुकतो. एकाच डोळ्याची शस्त्रक्रिया झाली असेल तर दोन डोळ्यांची चित्रं जुळतच नाहीत. तक्त्यावर वाचता येतं म्हणून नोंद 'यशस्वी' अशी व्हायची. शेतात चालता येत नाही ही तक्रार कुठल्याच रकान्यात बसायची नाही. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयात ३४०० रुग्णांवर झालेल्या अभ्यासाने हा रकाना तयार केला. अर्ध्यांना जुनी पद्धत आणि चष्मा, अर्ध्यांना पिशवी राखून आतलं भिंग. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात तक्त्याबरोबरच रोजची कामं, हिंडणं-फिरणं आणि रुग्णाचं स्वतःचं म्हणणंही मोजलं होतं, आणि आतल्या भिंगाचं पारडं स्पष्टपणे जड निघालं.

त्याच सुमारास दोन गोष्टी घडल्या होत्या. १९९४ मध्ये जागतिक बँकेच्या मदतीने सात राज्यांत मोतीबिंदू निवारणाचा प्रकल्प सुरू झाला. त्यात महाराष्ट्र होता. जिल्हा रुग्णालयांना सूक्ष्मदर्शक मिळाले आणि आयुष्यभर दुसऱ्या पद्धतीने काम केलेल्या सर्जनांना आतलं भिंग बसवायचं प्रशिक्षण मिळालं. दुसरी गोष्ट त्याहून मोलाची. अरविंदचे संस्थापक डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी संधिवाताने बोटं वाकडी झाल्यावर खास हत्यारं घडवून शस्त्रक्रिया शिकले होते. १९७६ मध्ये त्यांनी अकरा खाटांनी रुग्णालय सुरू केलं. परदेशी भिंग गरीब रुग्णाला परवडत नाही हे पाहून १९९२ मध्ये त्यांच्या संस्थेने ऑरोलॅब काढली आणि भिंग इथेच, आयात भिंगाच्या किमतीच्या लहानशा अंशात बनू लागलं. किंमत हा सर्जनच्या हाताचा भाग नाही असं कोणाला वाटेल. पण जे भिंग रुग्णाला मिळणारच नाही, ते बसवायला जिल्ह्याचा सर्जन कशाला शिकेल?

मग प्रश्न आला फेकोचा. यंत्र महाग, दुरुस्ती महाग, आणि आपल्याकडचे मोतीबिंदू पिकून तपकिरी, दगडासारखे झालेले. इस्रायलचे मायकेल ब्लुमेंथाल, नेपाळचे सान्दुक रुइत आणि आपल्याकडचे अनेक सर्जन एका वेगळ्या वाटेने गेले. डोळ्याच्या पांढऱ्या भागात बोगद्यासारखा तिरका छेद घ्यायचा, तो आतून आपोआप मिटतो, टाका लागत नाही, आणि अख्खं भिंग त्यातून बाहेर काढायचं. यंत्र नको, वीज गेली तरी अडत नाही. ही गरिबांसाठीची दुय्यम पद्धत आहे असं अनेकांना वाटे. पुण्याच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयात डॉ. परीक्षित गोगटे आणि सहकाऱ्यांनी ४०० डोळ्यांवर दोन्हींची तुलना केली आणि २००५ मध्ये ती प्रसिद्ध झाली. सहा आठवड्यांनी, चष्म्याचा योग्य नंबर देऊन पाहिल्यावर, दोन्ही गटांत ९८ टक्क्यांहून अधिक डोळ्यांना ६/१८ किंवा त्याहून चांगलं दिसत होतं. चष्म्याविना फेको काहीशी पुढे होती. खर्चात दुसरी पद्धत कितीतरी स्वस्त. मला हा अभ्यास फार महत्त्वाचा वाटतो, कारण त्याने हजारो सर्जनांना अपराधी न वाटता आपल्या हातातली पद्धत आणखी नीट करत राहण्याचा आधार दिला. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तात्याराव लहाने आणि डॉ. रागिणी पारेख यांनी बिनटाक्याची शस्त्रक्रिया सरकारी रांगेतल्या माणसापर्यंत नेली, तो याच बदलाचा महाराष्ट्रातला सर्वांना माहीत असलेला भाग. राष्ट्रीय सर्वेक्षणांनुसार देशातलं अंधत्वाचं प्रमाण २००१-०२ च्या १.१ टक्क्यांवरून २०१५-१९ च्या पाहणीत ०.३६ टक्क्यांवर आलं. त्यात या सगळ्या हातांचा वाटा आहे.

हाताला काहीच विसरावं लागत नाही असे बदल तरी लगेच होत असतील, असं वाटेल. कोलरच्या थेंबांनी तशी आशा दाखवली होती. पण तसं नेहमी होत नाही. शस्त्रक्रियेआधी रक्त, लघवी, ईसीजी अशा सरसकट तपासण्या केल्याने मोतीबिंदूच्या रुग्णाची सुरक्षितता वाढत नाही, हे अमेरिकेत सुमारे १९ हजार शस्त्रक्रियांच्या अभ्यासाने २००० सालीच दाखवलं. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तिथल्या निम्म्याहून अधिक वृद्ध रुग्णांच्या तपासण्या होतच होत्या. तपासणी होणार की नाही हे रुग्णाच्या तब्येतीपेक्षा तो कोणत्या डॉक्टरकडे गेला यावर जास्त ठरत होतं. इथे हाताचा प्रश्न नाही, भीतीचा आहे. उद्या काही झालं तर कागद हवा. ही भीती आपल्याकडेही आहे, आणि तिच्यासाठी खेड्यातून आलेला रुग्ण एक जादा दिवस आणि जादा पैसे मोजतो.

याच्या उलट उदाहरण स्वीडनचं. तिथे १९९२ पासून मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांची राष्ट्रीय नोंदवही आहे. स्टॉकहोममध्ये शस्त्रक्रियेच्या शेवटी डोळ्याच्या आत प्रतिजैविकाचा थेंबभर डोस सोडायची सवय रुजली आणि डोळ्यात पू होण्याचं प्रमाण खाली आलेलं दिसलं. मग युरोपातल्या नऊ देशांत सुमारे १६ हजार रुग्णांवर चाचणी झाली. फरक इतका ठळक निघाला की ती मुदतीआधी थांबवावी लागली. पुढे अरविंदच्या सहा लाख डोळ्यांच्या नोंदींनीही हेच सांगितलं. मोजणाऱ्यांनी बदल केला आणि मोजलं म्हणून इतरांना पटलं.

आणि काही बदल पुराव्याच्या पुढे धावतात. २००८ मध्ये बुडापेस्टच्या झोल्तान नॉजी यांनी फेम्टोसेकंद लेझरने मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेतले पहिले टप्पे केले. लवकरच मोठ्या शहरांतल्या रुग्णालयांच्या फलकांवर 'ब्लेडविरहित' शब्द आला. फ्रान्समधल्या पाच विद्यापीठ रुग्णालयांत झालेली चाचणी २०२० मध्ये आली, आणि लेझरने साध्या फेकोहून अधिक काही मिळत नाही, खर्च मात्र वाढतो, असं तिने दाखवलं. महागड्या पॅकेजचा कागद समोर आला की घरातल्या मुलांना वाटतं, आईसाठी सर्वात महाग तेच घेऊ. त्या कागदावरच्या कोणत्या ओळीमागे पुरावा आहे आणि कोणत्या ओळीमागे नाही, हे रुग्णाला कळावं, हाही या पुस्तकाचा एक हेतू आहे.

अलीकडे आणखी एका दिशेने हात बदलू लागले आहेत. ब्रिटनमधल्या एका फेको शस्त्रक्रियेचा कार्बन भार मोजला गेला, नंतर अरविंदमधल्या शस्त्रक्रियेचा. अरविंदचा भार ब्रिटनच्या सुमारे पाच टक्के निघाला. फरक मुख्यतः एकदा वापरून फेकायच्या सामानाचा होता. संसर्गाचं प्रमाण अरविंदमध्ये अधिक नव्हतं. पाश्चात्त्य सर्जन आता आपल्याच नियमांकडे नव्याने पाहू लागले आहेत.

पण मला सर्वात जास्त काळजी वाटते ती विसरल्या जाणाऱ्या हाताची. अनेक देशांत आजचा विद्यार्थी फक्त फेको शिकतो. मोठ्या छेदाची शस्त्रक्रिया त्याने पाहिलेलीही नसते. मेळघाटातून किंवा गडचिरोलीतून येतो तसा, पूर्ण पिकलेला, तपकिरी मोतीबिंदू त्याच्या यंत्राला दाद देत नाही. फेको मध्येच अडली आणि छेद वाढवायची वेळ आली, की त्याच्या हातात दुसरं काही नसतं. म्हणून परदेशातले सर्जन बिनयंत्राची पद्धत शिकायला मदुराई आणि काठमांडूला येतात. आपल्या महाविद्यालयांत अजून दोन्ही शिकवलं जातं, ही आपली ठेव आहे. खासगी रुग्णालयांची ओढ आणि फेकोची प्रतिष्ठा पाहता ती किती वर्षं टिकेल याची मला चिंता आहे.

आणि शिकण्याचा भार रुग्णाच्या डोळ्यावर किती पडावा, या पहिल्या प्रश्नाला आता थोडं उत्तर मिळू लागलं आहे. ब्रिटनमध्ये प्रशिक्षणाच्या पहिल्या दोन वर्षांतल्या सर्जनांना सिम्युलेटरवर सराव करायला मिळू लागल्यावर त्यांच्या हातून पिशवी फाटण्याचं प्रमाण ४.२ टक्क्यांवरून २.६ टक्क्यांवर आलं, असं २०२० मधल्या अभ्यासाने दाखवलं. बिनयंत्राच्या पद्धतीसाठीही असे सिम्युलेटर तयार झाले आहेत. आपल्याकडचा विद्यार्थी मात्र बहुतेक ठिकाणी अजून बकरीच्या डोळ्यावर हात बसवतो, तोही मिळेल तेव्हा, आणि तिथून थेट माणसाच्या डोळ्यापाशी येतो. महाराष्ट्रातल्या प्रत्येक सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात दोन्ही पद्धतींच्या सरावाचं असं एक यंत्र असावं, आणि त्याच्याशेजारी विद्यार्थ्याबरोबर बसायला ज्याला वेळ दिलेला आहे असा एक अनुभवी सर्जन असावा, अशी माझी मागणी आहे. तिच्यामागची कारणं पुढच्या प्रकरणांत सविस्तर मांडली आहेत.